स्पोर्ट्स कारचे शॉकअप आणि ब्रेक घरी बदलण्यापूर्वीची तयारी

कोकण किनाऱ्यावर राहून दोन दारांच्या, जमिनीलगत धावणाऱ्या गाडीला उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर शॉकअप, स्टीलच्या जाळीचे ब्रेक होज आणि अधिक उष्णता सोसणारे पॅड घरच्या अंगणात बसवायचे असतील, तर तयारी काम सुरू करण्याच्या किमान तीन आठवडे आधी हाती घ्यावी. पुणे-बंगळूरकडच्या हौशी मंडळींच्या याद्या इथे अर्ध्याच उपयोगी पडतात, कारण त्यांच्या गाडीखालचे बोल्ट पाना लावला की सुटतात. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत उभ्या राहणाऱ्या गाडीचे बोल्ट सुटतीलच, असे धरून चालता येत नाही, आणि पुढचे बरेचसे लेखन या एका कारणामुळे लांबले आहे.

काळ निवडताना जून ते सप्टेंबर हे महिने सरळ वगळावेत. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पडवीत ताडपत्री बांधून हे काम होत नाही. गणपती आणि शिमगा हे दोन्ही आठवडेही टाळावेत, कारण त्या काळात कुरिअर वेळेवर येत नाही, मदतीला माणूस मिळत नाही आणि अंगण पाहुण्यांच्या गाड्यांनी भरलेले असते. दिवाळी आटोपल्यापासून शिमग्यापर्यंतचा काळ उत्तम.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद काटेकोरपणे लावण्याच्या बाजूने निकाल दिला आहे. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर आणि इंजिनाची अदलाबदल म्हणूनच या यादीत नाहीत. बाकी कोणताही बदल असो, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

सुटे भाग मागवताना गाडीचे वर्ष आणि मॉडेल सांगून थांबू नये. चासी नंबर, म्हणजे सतरा अक्षरे व अंकांची ती पूर्ण ओळ, विक्रेत्याला द्यावी, कारण एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत पुढच्या शॉकअपचा व्यास वेगळा असू शकतो. शॉकअपबरोबर वरचे माउंट आणि त्यातील बेअरिंग नवीनच घ्यावे. जुने चांगले दिसते म्हणून वाचवलेले पैसे पुढे तेवढ्यासाठी सगळे पुन्हा उघडण्यात जातात. शॉकअपची बॉडी स्टेनलेसची मिळत असेल तर इथे जास्तीचे पैसे मोजावेत, कारण साध्या बॉडीवरच्या उंची बदलणाऱ्या चकत्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत जाम होतात आणि मग उंची बदलता येते हे फक्त खोक्यावर लिहिलेले उरते. गाडीही पंधरा-वीस मिलिमीटरपेक्षा जास्त खाली उतरवू नये. छायाचित्रात गाडी कितीही देखणी दिसो, गावोगावचे गतिरोधक आणि जांभ्याचे ओबडधोबड रस्ते छायाचित्र पाहून ठरवलेली उंची मान्य करत नाहीत.

आता नट आणि बोल्ट. शॉकअप, होज आणि पॅड यांची ऑर्डर देताना त्याच दिवशी, त्याच चासी नंबरवर, उघडावा लागणारा प्रत्येक नट आणि प्रत्येक बोल्ट नवीन मागवावा. मागच्या वेळी नेमके हेच राहिले होते आणि एका बोल्टपायी गाडी अंगणात घोड्यांवर, म्हणजे उचललेली गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी स्टँडवर, उभी राहिली, म्हणून हे पुन्हा सांगतो: नवे बोल्ट घरात येऊन मोजून झाल्याशिवाय जॅक बाहेर काढू नये. कारणे तीन आहेत. पहिले असे की सस्पेन्शनचे बरेच बोल्ट एकदाच वापरायचे असतात; त्यांना ठरावीक न्यूटन-मीटरपर्यंत (आवळण्याच्या जोराचे, म्हणजे टॉर्कचे माप) आवळून नंतर आणखी ९० अंश फिरवावे लागते, त्यात बोल्ट थोडा ताणला जातो आणि दुसऱ्यांदा तो तीच पकड देत नाही. दुसरे, नायलॉनची कडी असलेल्या लॉकनटची पकड एकदा उघडल्यावर कमी होते. तिसरे कारण इथले: जुना बोल्ट अखंड बाहेर येईल याची खात्री नसते, आणि तो कापून काढला की जागेवर घालायला काहीतरी लागते.

हे काहीतरी बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेल, या भरवशावर राहू नये. बंदराजवळच्या दुकानात बोटींसाठीचे स्टेनलेसचे बोल्ट हवे तेवढे मिळतात, ते चमकतात, गंजत नाहीत आणि हातात घेतल्यावर मोह होतो. परंतु त्यांच्या डोक्यावर ए२-७० असे कोरलेले असते, म्हणजे त्यांची ताणशक्ती ७०० मेगापास्कल. गाडीतून निघालेल्या बोल्टच्या डोक्यावर १०.९ लिहिलेले असते, म्हणजे १००० च्या पुढे. शिवाय आट्यांचा प्रश्न वेगळाच. १२ मिलिमीटरचा गाडीचा बोल्ट बहुधा दीड मिलिमीटर अंतराच्या बारीक आट्यांचा असतो आणि दुकानातला पावणेदोन मिलिमीटरच्या जाड आट्यांचा. दोन आटे हाताने बसतात, तिसऱ्याला जोर लागतो, आणि जोर लावला की नकलमधले, म्हणजे चाक धरणाऱ्या सांध्यातले, आटे जातात. दुकानदार भला माणूस असतो, ‘हा बसेल’ असे तो आपुलकीने सांगतो, आणि तो बसवू नये.

बोल्ट आल्यावर पुढची पायरी म्हणजे जुन्या बोल्टना तेल पाजणे. नेहमीचे बहुउपयोगी स्प्रे यासाठी कमी पडतात. गंजात शिरणारे पेनिट्रेटिंग ऑइल वेगळे मिळते, तेच घ्यावे. कामाच्या आधीचा पूर्ण आठवडा रोज संध्याकाळी तारेच्या ब्रशने आट्यांची उघडी टोके घासून त्यावर ते सोडावे, मात्र ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर एक थेंबही उडू देऊ नये. सर्वांत हट्टी असतो तो मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट. तो रबरी बुशच्या आतल्या पोलादी नळीतून जातो, त्या नळीत खारे पाणी साचते आणि बोल्ट व नळी गंजून एकजीव होतात. पान्याला तो फिरल्यासारखा वाटतो, पण नीट पाहिल्यास दिसते की बोल्टबरोबर नळीही फिरते आहे आणि रबराला पीळ पडतो आहे. अशा वेळी लांब पाइप लावून जोर करण्यात अर्थ नसतो. बुशच्या दोन्ही बाजूंनी करवतीचे पाते घालून बोल्ट कापावा लागतो, आणि तो बुश बहुधा शॉकअपबरोबर जात असला तरी काही गाड्यांत तो आर्ममध्ये, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यात, असतो. आपल्या गाडीत तसे असेल तर बुशसुद्धा बोल्टबरोबरच मागवावा. पुढच्या बाजूला नकल ॲल्युमिनियमची असेल, तर तिच्यात अडकलेला पोलादी बोल्ट आणखी वाईट, कारण दोन वेगळे धातू आणि मधे मिठाचे पाणी असा तो संसार असतो. आच देण्याचा सल्ला अनेक जण देतात. रबर, ब्रेक ऑइल आणि पेट्रोलची टाकी जवळ असताना तो ऐकू नये, आणि आच दिलेला बोल्ट तर कधीच परत वापरू नये, कारण तापल्याने त्याचे पाणी उतरलेले असते. नवा बोल्ट मागवलेला असेल तर हा मोहच होत नाही.

जागा सपाट हवी. सारवलेल्या अंगणात किंवा चिऱ्यांच्या फरसबंदीवर घोड्यांचे पाय रुततात किंवा चिऱ्याची कड फुटते, म्हणून प्रत्येक घोडीखाली १८ मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायचा दोन फूट चौरस तुकडा ठेवावा. गाडी इतकी बुटकी असते की साधा ट्रॉली जॅक खाली जात नाही. आधी चाके फळ्यांवर चढवून मग जॅक लावावा किंवा कमी उंचीचा जॅक आणावा. जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये, आणि घोड्या लावल्यावर गाडी अंगाने जोरात हलवून पाहावी. पडायची असेल तर आपण खाली नसताना पडू दे.

हत्यारांत गोटी पाने, रिंग पाने, हातोडा आणि हातमोजे सगळ्यांकडे असतात. जर्मन गाडी असेल तर टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीचे) आणि एक्सझेडएन (बारा टोकांचे) हे दोन्ही संच लागतात. दुसऱ्याच्या जागी पहिला ठोकून बसवला की बोल्टचे डोके गोल होते. नकलची फट फाकवणारे चपटे अवजार, स्प्रिंग दाबण्याचे शिकंजे आणि टॉर्क रेंच (मोजून आवळण्याचा पाना) या तीन वस्तू उसन्या आणल्या तरी चालतात, परंतु शिकंजे वाकलेले असतील तर परत करावेत, आणि त्यांवर इम्पॅक्ट गन चालवू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर समोरचे काहीही शिल्लक ठेवत नाही. मागे विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक असेल, तर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, मागे ढकलण्यापूर्वी स्कॅनरने तो सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो; स्कॅनर कोणाकडे आहे हे आधी विचारून ठेवावे. चाकाच्या लॉकनटची चावी डिकीत आहे ना, तेही पाहावे.

ब्रेक ऑइलचा डबा सीलबंद आणि नवीनच हवा. ते हवेतला ओलावा ओढते आणि किनाऱ्यावरच्या हवेत ओलावा सदैव हजर असतो. डॉट ४ या प्रतीचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते, आणि आंबा घाट उतरताना हा फरक पायाखाली जाणवतो. मागच्या वर्षीचा अर्धा उरलेला डबा फेकावा. सांडलेले तेल रंग खाते, म्हणून बाजूला पाण्याची बादली ठेवावी, आणि निघालेले जुने तेल विहिरीच्या बाजूला ओतू नये. बाटलीत भरून गॅरेजात द्यावे. होजच्या बॅन्जो बोल्टखालचे (होज जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवीन लावावेत. बोल्टांच्या यादीत हेही येतात आणि हमखास सुटतात.

काम सुरू करण्याच्या आदल्या संध्याकाळी नवे नट-बोल्ट जमिनीवर कापड अंथरून, कोणता कुठला ते चिठ्ठी लावून मांडावेत आणि गाडीखाली पडून प्रत्येकाचा जोडीदार बोटाने दाखवून खात्री करावी. एक जरी कमी असेल तर काम पुढे ढकलावे. उद्या सकाळी जाऊन आणू, असे म्हणू नये.

पुढचे भराभर सांगतो. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते. बुशमधून जाणारे बोल्ट गाडी लटकत असताना फक्त हाताने आवळावेत आणि गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच पूर्ण टॉर्क द्यावा, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. चाकाच्या बोल्टना ग्रीस लावू नये. ब्रेकमधील हवा काढून पेडल टणक झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर नेऊ नये. नवे पॅड सड्यावरच्या मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी साठवरून पंधरापर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवून बसवावेत, पूर्ण थांबू नये. शंभर किलोमीटरच्या आत चाकांचा टॉर्क पुन्हा पाहावा. हेडलाइटचा झोत बदललेला असतो, तोही लावून घ्यावा.

शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवून घेणे. मागच्या आर्मचा कोन जुळवणारा एक्सेंट्रिक बोल्टही गंजून बसलेला असतो, तो फिरला नाही तर मशीनवाला ‘होत नाही’ म्हणून गाडी परत पाठवतो, आणि तो बोल्ट आपण उघडलेला नसल्यामुळे आपल्या यादीतून सुटलेला असतो. दोन्ही बाजूंचे नवे एक्सेंट्रिक बोल्ट, वॉशर आणि नट मागवून डिकीत ठेवूनच अलाइनमेंटला निघावे.