ग्रुपवरच्या ४३ जणी आणि गुरुवारच्या सहा

मैत्रिणींना व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, प्रत्यक्ष भेटायचं असेल तर पहिली गोष्ट, तारीख ग्रुपवर विचारू नका. आमच्या दहावीच्या मुलींच्या ग्रुपमध्ये ४३ जणी आहेत. ‘भेटू या गं एकदा सगळ्या’ असा मेसेज वर्षातून तीन-चारदा यायचा. त्यावर वीसेक अंगठे उठायचे. मग एकीकडं नातीचं बारसं, एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन, एकीचे ‘हे’ गावाला, आणि गाडी परत गुलाबाच्या फुलांवर. मी ३१ वर्षं पोस्टात काउंटरवर काढली, त्यामुळं निरोप पोचवण्याचं महत्त्व मला कुणी शिकवू नये. पण हे काही निरोप नव्हेत. ही हजेरी.

माझे डोळे पुरानं उघडले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. आम्ही नदीजवळच्या गावभागातले. कुठला रस्ता बंद झाला हे ग्रुपवरच कळत होतं, म्हणून व्हॉट्सॲपला मी शिव्या घालणार नाही. ‘काळजी घे’ असेही ढीगभर आले. पण सासूबाईंना रिक्षात बसवून दोन पिशव्या घेऊन निघाले, तेव्हा कुणाच्या दारात जायचं याचा विचार करावा लागला नाही. विश्रामबागेतली मैत्रीण. तिच्याकडं चहाचं पातेलं कुठल्या फळीवर असतं ते मला ठाऊक होतं. ११ दिवस राहिलो. तिथं पडल्या पडल्या हिशोब केला, न विचारता जाता येईल अशी माझी घरं किती? दोन. त्यातलं दुसरं पाण्यातच होतं.

तर पाणी ओसरल्यावर मी काय केलं ते सांगते, जमलं तर तुम्हीही करा.

दोघींना फोन लावा. मेसेज नाही, फोन. ‘कधी जमेल?’ हा प्रश्नच काढू नका. ‘मी गुरुवारी साडेपाचला आमराईत बसणार आहे, ये’ (आमराई म्हणजे आमची सांगलीतली बाग) एवढंच सांगा आणि खरोखर जाऊन बसा. वार, वेळ आणि जागा बदलायची नाही. पाहुणे आले, पाऊस आला, तरी त्या पुढच्या गुरुवारी पुन्हा तिथंच. पहिले तीन गुरुवार आम्ही दोघीच होतो. एकदा तर मी एकटीच शेंगदाणे खाऊन घरी आले. चौथ्या गुरुवारी तिसरी आली, कारण तिला कळलं की आम्ही असतोच.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. पाठ टेकायला काही आहे का, जवळपास बायकांसाठी बरं स्वच्छतागृह आहे का, आणि उठा म्हणणारा कुणी नाही ना. हॉटेलात तिसऱ्या चहानंतर वेटर फडकं मारायला लागतो.

भिशी लावू नका. भिशीनं बायका येतात हे खरं, पण ज्या महिन्यात हात तंग असतो त्या महिन्यात जिला यायची गरज असते तीच येत नाही.

हाताला काम ठेवा. यावर माझा फार भरवसा आहे. नुसतं समोरासमोर बसलं की ‘बाकी काय?’च्या पुढं बोलणं सरकत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही चिंचा घेऊन एकीच्या अंगणात बसतो. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोके वेगळे करायचे. नजर चिंचेवर असते म्हणून माणूस बोलतो. एकीनं सुनेशी अबोला असल्याचं असंच सांगितलं, मान वर न करता. आणि हात चिकट असले की फोनला कुणी शिवत नाही, त्यासाठी वेगळा नियम लागत नाही.

फोटो काढा, पण ग्रुपवर टाकू नका. ही चूक मी केली. पहिल्या वर्षी सहा जणींचा हसरा फोटो टाकला आणि एक मैत्रीण दोन महिने माझ्याशी बोलली नाही. ‘मला कुणी बोलावलंच नाही.’ बरोबरच होतं तिचं. शेवटी भडंगाचा पुडा घेऊन तिच्या घरी गेले, तासभर बसले. आता तीही येते.

धीर धरा, विशेषतः नवी ओळख असेल तर. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये हिशोब मांडलाय: नुसत्या ओळखीची मैत्री व्हायला सुमारे ५० तास, पक्की व्हायला ९०, जिवलग व्हायला २०० च्या वर. नोकरीत शेजारी बसून काढलेले तास त्यात फारसे कामाला येत नाहीत म्हणे. मला पटलं. शेजारच्या काउंटरवरच्या बाईंबरोबर मी नऊ वर्षं काढली, निवृत्तीनंतर ना त्यांचा फोन ना माझा. आठवड्याला दोन तास धरले तर २०० तासांना १०० गुरुवार लागतात, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. जुन्या मैत्रिणींना एवढं लागत नाही, पण अगदीच फुकटातही होत नाही.

परगावच्या मैत्रिणींचं काय, तर व्हिडिओ कॉल करा आणि सांगलीला आल्या की पकडा. याहून जास्त मला सुचलेलं नाही.

आणि चालताना बघत चला. आमच्यातली एक रोज पहाटे पाचला ग्रुपवर फूल पाठवते, कधी चुकत नाही. पहिल्यांदा आमराईत आली तेव्हा चालताना सारखी माझ्या डाव्या बाजूला सरकायची. मी जागा बदलली की पुन्हा डावीकडं. मला वाटलं उन्हामुळं असेल. तिसऱ्या फेरीला विचारलं, तर म्हणाली, ‘डाव्या कानानं ऐकू येत नाही गं. चार वर्षं झाली.’ या चार वर्षांत तिनं हजारावर फुलं पाठवली असतील. आता बाकावर तिची जागा डावीकडच्या टोकाला, आणि तिथं दुसरं कुणी बसलं तर आम्ही उठवतो.