शिक्षक संपावर गेले की विद्यार्थ्यांनी काय करावं

१४ मार्च २०२३ ला राज्यातले सरकारी-निमसरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी बेमुदत संपावर गेले, तेव्हा माझी मुलगी दहावीला होती आणि धाकटा जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला. घरात सगळ्यांना काळजी मुलीची. तिची परीक्षा २ मार्चला सुरू झाली होती, २५ ला संपायची होती. प्रत्यक्षात तिचे पेपर ठरल्या दिवशी झाले. नुकसान झालं ते धाकट्याचं, आणि ते आमच्या कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. संप २० मार्चला मिटला. तोवर त्याचं दप्तर खुंटीलाच होतं.

म्हणून हा लेख मुख्यतः सातवीपासून पुढच्या मुलामुलींसाठी लिहिते आहे. संप झाला की तुम्ही स्वतःला सांभाळू शकता, आणि तुमच्यापेक्षा लहान असलेल्यांनाही. तेवढं बळ तुमच्यात आहे.

१. आधी नक्की काय बंद आहे ते शोधा

‘शिक्षकांचा संप’ म्हणून जी बातमी येते तिच्यात निरनिराळे प्रकार असतात. लाक्षणिक संप एका दिवसाचा असतो. सामूहिक रजाही बहुधा एकाच दिवसाची. २५ सप्टेंबर २०२४ ला प्राथमिक शिक्षक सामूहिक रजा टाकून जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चाला गेले होते. काळ्या फिती लावल्या असतील तर वर्ग नेहमीसारखे चालतात. बहिष्कार असेल तर एखादंच काम थांबतं. बेमुदत संपाची तऱ्हा वेगळी. त्याचा शेवट कुणालाच ठाऊक नसतो, त्यामुळे तयारी त्याच्यासाठीच हवी.

मग आपली शाळा कोणाची ते पाहा: जिल्हा परिषदेची, नगरपालिका-महापालिकेची, की खासगी अनुदानित? सगळ्या संघटना संपात असतातच असं नाही. एका गावात दोन शाळांचं चित्र वेगळं असू शकतं. एकाच शाळेत काही शिक्षक संपावर आणि काही कामावर, असंही होतं. तेव्हा पहिल्या दिवशी वेळेवर शाळेत जाऊन यावं हे उत्तम. फाटक उघडं आहे का, मुख्याध्यापक आहेत का, हजेरी होणार का, हे तिथेच कळेल. व्हॉट्सअॅपवर फिरणारं ‘उद्यापासून शाळा आठ दिवस बंद’ हे पत्र पुढे पाठवण्याआधी वर्गशिक्षकांना किंवा मुख्याध्यापकांना एक फोन करा.

२. बोर्डाची परीक्षा असेल तर

अभ्यास एक दिवसही सैल सोडू नका. परीक्षा पुढे ढकलायची असेल तर ते राज्य मंडळ जाहीर करतं, दुसरं कोणी नाही. २०२३ मध्ये दहावी आणि बारावी, दोन्ही परीक्षा चालू असताना संप झाला आणि पेपर झाले. त्याच वर्षी कनिष्ठ महाविद्यालयांच्या शिक्षकांनी बारावीच्या उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार टाकला होता. आता निकाल कधी लागणार या धास्तीने मुलांच्या झोपा उडाल्या. मार्चच्या सुरुवातीला तो बहिष्कार मागे घेतला गेला आणि बारावीचा निकाल २५ मे २०२३ ला लागला, दहावीचा २ जूनला.

हॉलतिकीट घ्यायचं राहिलं असेल, त्यातल्या नावात चूक असेल, प्रात्यक्षिक किंवा तोंडी परीक्षा बाकी असेल, तर मात्र थांबू नका. मुख्याध्यापक भेटले नाहीत तर पालकांना घेऊन आपल्या विभागीय मंडळाशी संपर्क साधा. परीक्षेच्या काळात मंडळ हेल्पलाइन ठेवतं, तिचे क्रमांक वर्तमानपत्रात येतात. केंद्रावर नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर पोहोचा. पर्यवेक्षक नवे असतील, बैठक व्यवस्था सापडायला वेळ लागेल.

३. संप कशासाठी आहे ते स्वतः वाचा

ही पायरी मुलं वगळतात आणि मोठी माणसं मुलांना सांगतही नाहीत. एका पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात शिक्षकांच्या मागण्या लिहा, दुसऱ्यात सरकारचं म्हणणं, आणि तिसऱ्यात ‘यात आमच्या शाळेचं काय?’

जुन्या पेन्शनचं उदाहरण घ्या. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांना आधीच्यांसारखी निश्चित पेन्शन नव्हती. शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम दरमहा मिळण्याऐवजी पगारातून कापलेले आणि सरकारने घातलेले पैसे बाजारात गुंतवायचे, आणि त्यातून जे येईल ते घ्यायचं. शिक्षकांचं म्हणणं की म्हातारपण बाजारावर सोडता येत नाही. सरकारचं म्हणणं की तिजोरीला हा भार पेलणार नाही. तिसऱ्या रकान्यात इथे थोडंच येईल.

आता २०२४ च्या सामूहिक रजेचं घ्या. तिथे भांडण होतं संचमान्यतेवरून, म्हणजे शाळेच्या पटावर किती शिक्षक मंजूर होणार यावरून, आणि कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्यावरून. वाडीवरच्या, पाड्यावरच्या मुलासाठी हा प्रश्न शिक्षकांइतकाच त्याचाही आहे. आपल्याला गणित शिकवायला माणूस असेल की नाही, हे त्यावर ठरतं. तिसरा रकाना भरून जाईल.

५ डिसेंबर २०२५ ला शाळा बंद राहिल्या त्याच्या मुळाशी सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल होता. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावं, असं त्यात म्हटलं आहे. वीस वर्षं शिकवलेल्या बाईंना पुन्हा परीक्षेला बसावं लागणं योग्य की अयोग्य? दोन्हीकडचं ऐकलंत तर तुमचं तुम्हाला मत बनवता येईल. घाई नाही. आणि मत बनलंच पाहिजे अशी सक्तीही नाही.

शिक्षक भेटले तर सरळ विचारा, “सर, तुम्ही कशासाठी गेलात?” बहुतेक जण मनापासून सांगतात. संपाच्या दिवसांचा पगार कापला जाऊ शकतो, हे माहीत असूनही ते गेलेले असतात.

४. शाळेच्या वेळेत शाळा भरवा

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी. शहरात क्लास असतात, घरात शिकलेली माणसं असतात. ज्या मुलाचे आईवडील पहाटे ऊसतोडीला किंवा कामाच्या नाक्यावर जातात, त्याच्यासाठी शाळा बंद म्हणजे पुस्तकही बंद. पहिली-दुसरीच्या मुलाला आठ दिवस वाचनाचा खंड पडला की जोडाक्षरं निसटतात. आमच्या वस्तीवर २०२३ च्या संपात नववीच्या तीन मुलींनी तिसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात पोरं गोळा केली. माझा धाकटा तिथे गेला म्हणून त्याचे पाढे टिकले.

तुम्हाला करायचं असेल तर असं करा. जागा उघड्यावरची आणि सगळ्यांना दिसणारी हवी: समाजमंदिर, देवळाचा मंडप, ग्रामपंचायतीचा ओटा, वाचनालय. सरपंचांना किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या कुणाला तरी आधी विचारा. कायद्याप्रमाणे त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तेव्हा तुमच्या ओळखीचं कुणीतरी सापडेलच. एक मोठं माणूस पूर्ण वेळ तिथे बसलं पाहिजे, आजी चालेल, आजोबा चालतील. याशिवाय वर्ग घेऊ नका. विहीर, तळं, रस्ता जवळ असेल तर जागा बदला.

वेळ अकरा ते दीड पुरे. लहान मुलं एका गोष्टीवर वीस मिनिटांहून जास्त टिकत नाहीत, मग पाढे झाले की गोष्ट, गोष्ट झाली की अंकलेखन, मध्ये खेळ. चिंचोके, खडे, काड्या घेऊन बेरीज-वजाबाकी करवा. वाचन मोठ्याने, एकेकाने. एका मोठ्या मुलामागे सहा-सात लहान मुलांपेक्षा जास्त नकोत. चुकलं तर ओरडू नका आणि हात तर मुळीच उगारू नका; तुम्ही त्यांची ताई-दादा आहात.

नवीन धडा शिकवू का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मराठीचा, इतिहासाचा खुशाल वाचून दाखवा. गणितात नवीन प्रकरण उघडू नका. चुकीच्या रीतीने शिकलेला भागाकार सुटायला बाईंना पुढे महिना लागतो. झालेल्या उदाहरणांचाच सराव घ्या.

स्वतःच्या अभ्यासासाठी बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत आहेत. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अॅपवर चालतो. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीने खुले केले आहेत. दुपारच्या वाचनाला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही मला माहीत नाही. मोबाइल नसेल तर प्रत्येक धड्यामागचा स्वाध्याय सोडवा, तेवढ्यातच दोन तास जातात.

एक गोष्ट टाळा. संपावरच्या शिक्षकांना ‘आम्हाला गुपचूप येऊन शिकवा’ असा आग्रह धरू नका. त्यांना त्यांच्या सहकाऱ्यांसमोर अवघडल्यासारखं होतं. फोनवर एखादी शंका विचारली तर कुणी नाही म्हणणार नाही.

५. दुपारच्या जेवणाचं विचारा

हे पालकांनी विचारायचं आहे, पण आठवण तुम्ही करून द्या. शालेय पोषण आहार हा पहिली ते आठवीच्या मुलांचा कायदेशीर हक्क आहे. २०१५ च्या नियमांनुसार शाळेच्या दिवशी कोणत्याही कारणाने जेवण मिळालं नाही, तर धान्य आणि ते शिजवण्याचा खर्च अन्न सुरक्षा भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायचा असतो. धान्याचं प्रमाण पाचवीपर्यंत रोज १०० ग्रॅम, सहावी ते आठवी १५० ग्रॅम. शिजवणाऱ्या ताई आणि मदतनीस शिक्षकांच्या संपात असतातच असं नाही, तेव्हा चूल पेटवता येईल का हे शाळा व्यवस्थापन समितीने मुख्याध्यापकांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारावं. टाळेबंदीत कोरडा शिधा वाटला गेला होता. म्हणजे वाटायची सवय यंत्रणेला आहे.

६. आपलं म्हणणं लेखी द्या

संपात दोनच बाजू बोलतात. तिसरी बाजू तुमची. बालहक्क करारावर भारताने १९९२ मध्ये संमती दिली आहे आणि त्याच्या १२ व्या कलमात मुलाला स्वतःशी संबंधित बाबतीत मत मांडण्याचा हक्क आहे. म्हणून पत्र लिहा, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि तेच शिक्षक संघटनेच्या तालुका अध्यक्षांना. दोघांना एकच मजकूर गेला की तुम्ही कुणाच्या बाजूने फितलात असं कुणी म्हणू शकत नाही. मजकूर साधा ठेवा:

“आम्ही अमुक शाळेतील आठवीचे विद्यार्थी. दिनांक अमुकपासून आमचे वर्ग बंद आहेत. गणिताची तीन प्रकरणे आणि विज्ञानाची दोन प्रकरणे शिकायची राहिली आहेत. पहिली व दुसरीच्या मुलांचे वाचन मागे पडत आहे. आपण लवकर चर्चेला बसावे आणि बुडालेले तास केव्हा भरून निघणार हे आम्हाला लेखी कळवावे, ही विनंती.”

खाली सह्या, तारीख, आणि आपल्याकडच्या प्रतीवर पोच घ्या. कार्यालयातले कर्मचारीही संपावर असतील, २०२३ ला होतेच, तर पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. ग्रामसभा जवळ आली असेल तर तिथे वाचून दाखवा.

मोर्चात जायचं का? शिक्षकांचं पटत असेल आणि आईवडिलांची परवानगी असेल तर जा, त्यांच्यासोबत जा. पण कोणी ‘गणवेश घालून या, पुढे उभे राहा’ असं सांगत असेल, मग ते संघटनेचे असोत, पक्षाचे असोत, की संपाविरुद्ध घोषणा द्यायला बोलावणारे असोत, तर नाही म्हणा. आपली पाटी आपणच लिहिलेली असावी. कामावर आलेल्या शिक्षकांची वाट अडवू नका, संपावर गेलेल्यांची चेष्टा करू नका, आणि कुणाचाही व्हिडिओ काढून टाकू नका. संप मिटतो, व्हिडिओ राहतो.

७. संप मिटल्यावर

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० कामाचे दिवस धरले आहेत, अध्यापनाचे तास अनुक्रमे ८०० आणि १०००. किती दिवस बुडाले ते तुमच्या कॅलेंडरवर मोजा आणि मुख्याध्यापकांना विचारा की भरपाई कशी होणार. शनिवारी सकाळची शाळा थोडी लांबवता येते, रोज एक तास जादा घेता येतो. मार्चमधला संप असेल तर हे लगेच विचारा, कारण एप्रिल पाहता पाहता उडतो. घटक चाचणी लगेच लावली असेल तर आठवडाभर पुढे घ्या अशी विनंती करा, बहुतेक शाळा ऐकतात.

सर-बाई वर्गात येतील तेव्हा पहिल्या दिवशी टोमणा मारू नका. त्यांनी मागितलेलं पदरात पडलं असेल, किंवा मागणीचा अभ्यास करणारी सरकारी समिती तेवढी मिळाली असेल, २०२३ ला झालं तसं. राग असेल तर तो शांतपणे सांगा: “बाई, आमचं अपूर्णांकाचं प्रकरण राहिलं.” त्यांना तो कळेल.

आणि मंडपात शाळा भरवली असेल तर तिची वही ठेवा. कोण कोण आलं, काय झालं, कोण कुठे अडलं. आमच्या त्या तीन मुलींच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘सोळा मुलं. पाढे बारापर्यंत. दोघांना र चे प्रकार येत नाहीत.’ शाळा उघडली त्या सकाळी त्यांनी ती तिसरीच्या बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती उभ्या उभ्याच वाचली आणि पहिल्या तासाला फळ्यावर लिहिलं: सूर्य, चक्र, ट्रक.