किचनमधे हीट डिटेक्टर लावताय? मग हे बघा

सोसायटीच्या हॉलच्या किचनमधे स्मोक डिटेक्टर लावला की फोडणी पडली रे पडली, हूटर सुरू, म्हणून तिथे हीट डिटेक्टरच लावायचा आणि तोही फिक्स टेंपरेचरवाला, म्हणजे साधारण ५७ डिग्रीला ट्रिप होणारा, कारण रेट ऑफ राइजवाला, म्हणजे तापमान किती झपाट्याने वाढतंय ते बघणारा, मिनिटाला आठेक डिग्री वाढली तरी बोंबलतो, नुसतं ओव्हन उघडलं तरी. बसवायचा छतालाच, पण शेगडीच्या अगदी डोक्यावर नको.

टेस्टच्या आधी फायर अलार्मच्या पॅनलवर तो झोन (म्हणजे किचनच्या डिटेक्टरचा भाग) आयसोलेट, म्हणजे तात्पुरता बंद करा, नाहीतर अलार्म वाजून अख्खी बिल्डिंग खाली उतरेल. मग हेअर ड्रायर लांबून धरा, डिटेक्टरवरचा लाल एलईडी लागला की झालं. लायटर अजिबात नाही, प्लास्टिक वितळतं. झोन परत चालू करायला विसरू नका, आमच्याकडे एकदा तसाच राहिला होता! आणि पेंटरला आधीच सांगा, डिटेक्टरवर रंग मारला की तो बदलायचाच.