बँकॉकची पहिली टूर लागलीय? जुन्या शहराचा दिवस नीट समजून घ्या

टूर मॅनेजरचं काम नवीन धरलंय आणि पहिलीच टूर बँकॉकची मिळाली की सीनियर म्हणतात, सोपी टूर आहे रे, टेन्शन नको घेऊ. त्यांचं ऐकू नका. पट्टाया, मॉल, क्रूझ हे सगळं सोपं आहेच, पण ग्रँड पॅलेस आणि वाट फो, वाट अरुण या मंदिरांचा (थाईत "वाट" म्हणजे मंदिर) जो एक दिवस असतो तो नवीन माणसाला घाम फोडतो. हेडकाउंट, जैन जेवण वगैरे ट्रेनिंगमध्ये सांगतात, ते सोडतो.

मला सांगायचंय ते "पॅलेस आज बंद आहे" याबद्दल. हे वाक्य पाठ करून ठेवा. माझ्या ग्रुपमधले एक काका-काकू फ्री टाइममध्ये टॅक्सीने एकटेच तिकडे गेले, कोपऱ्यावर उतरले तर इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र घातलेला एक सभ्य माणूस आला आणि म्हणाला आज पूजा आहे, पॅलेस दुपारी एकनंतर उघडेल, तोवर टुकटुकने दोन-तीन मंदिरं बघून घ्या, फक्त वीस बाथ (थाई चलन). नकाशावर गोल पण करून दिले. आता वीस बाथमध्ये तासभर कोण फिरवतं? टुकटुकवाल्याला दुकानाकडून कमिशन किंवा इंधनाचं कूपन मिळतं, म्हणून मंदिरांच्या मध्ये रत्नांचं नाहीतर शिंप्याचं दुकान येतंच, आणि तिथे सांगतात की टॅक्स फ्रीचा आज शेवटचा दिवस. आपल्याकडे पत्रिका दाखवल्याशिवाय नीलमला कोणी हात लावत नाही, पण काकू नीलमची अंगठी घेऊन आल्या आणि किंमत शेवटपर्यंत सांगितली नाही. फार वाईट वाटलं मला. ब्रीफिंगमध्ये ही गोष्ट सविस्तर सांगायलाच हवी, "अनोळखी लोकांपासून सावध राहा" एवढं पुरत नाही, कारण तो माणूस अनोळखी वाटतच नाही, मदत करणारा वाटतो.

गेस्टना सांगा, कोणी काहीही म्हणो, ना फ्रा लान रोडवरच्या विसेत चायसी गेटपर्यंत स्वतः चालत जायचं आणि तिथे बघायचं. पॅलेस रोज सकाळी साडेआठला उघडतो, तिकीट साडेतीनपर्यंत मिळतं, 500 बाथ. राजघराण्याच्या कार्यक्रमासाठी कधीकधी खरंच बंद असतो, पण ते आदल्या दिवशी त्यांच्या वेबसाइटवर बघा, रस्त्यावर विचारू नका. फसवणूक झालीच तर टुरिस्ट पोलीस 1155.

घाबरू नका हां. शहर चांगलं आहे, लोक मनापासून मदत करतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, तेवढं हॉटेलमधून निघतानाच तपासा, गेटवर वाद घालून उपयोग नसतो. वाट फोमध्ये 46 मीटर लांबीचा निद्रिस्त बुद्ध बघून झाला की बाजूच्याच था तियेन धक्क्यावरून होडीने नदी ओलांडा, समोर वाट अरुण. कोचने वळसा घालून नेऊ नका, ट्रॅफिकमध्ये दुपार जाईल आणि होडीवर वाऱ्याने गेस्टचा मूडही सुधारतो.

अजून एक, तिथे गाइडचं काम फक्त थाई नागरिकच करू शकतात, लायसन्स लागतं. त्यामुळे स्थळावर माइक घेऊन माहिती द्यायला जाऊ नका, रील्स बघून पाठ केलेली तर नाहीच नाही. माझं मत विचाराल तर तुमचा खरा गुरू म्हणजे लोकल गाइड. पहिल्या दिवशी त्याच्यासोबत जेवायला बसा, मान द्या, तो तुम्हाला सावलीच्या जागा आणि स्वच्छ टॉयलेट कुठे ते सगळं सांगेल.

आणि त्याला आधीच सांगून ठेवा की पॅलेसच्याच आवारातल्या वाट फ्रा केव मंदिराच्या ओवऱ्यांमध्ये वेळ जास्त लागेल. तिथे भिंतींवर रामकियेन, म्हणजे थाई रामायणाची 178 चित्रं आहेत. पांढरा हनुमान दिसला की आपले काका-काकू हलत नाहीत, प्रत्येक प्रसंग ओळखत बसतात. त्यांना घाई करू नका. पाऊण तास तरी हाताशी ठेवा आणि कोच ड्रायव्हरला उशिराची वेळ सांगा.