सोलापुरातली जुनी बाजारपेठेची इमारत कशी वाचायची

चाटी गल्ली, मंगळवार पेठ या भागात जायचं तर सकाळी दुकानं उघडायच्या आत जा, कारण एकदा बोर्ड आणि ताडपत्र्या लागल्या की खालचं काहीच दिसत नाही. आधी समोरच्या बाजूला उभं राहून वरचा मजला बघा, तळमजल्याला शटर बसवताना मोडतोड झालेली असते पण वर लाकडी सज्जा, कमानी, कधीकधी साल कोरलेला दगड तसाच राहिलेला असतो.

मग आत जाऊन, मालकाला विचारूनच हं, छताकडे बघा. सागवानी तुळया आहेत की लोखंडी गर्डर? गर्डरवर कंपनीचं नाव उठवलेलं असतं, डॉर्मन लाँग असं दिसलं तर तो इंग्लंडहून आलेला माल. १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ नावाने ओळखली जाणारी कापड गिरणी सुरू झाली, त्यानंतर गावात कापडाचा पैसा खेळायला लागला, त्यामुळे पेढ्या-गोदामांचा विचार करताना हे साल डोक्यात ठेवा.

कागदासाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, फेरफारावरून कुणाकडून कुणाकडे गेली ते कळतं.

आणि दुरुस्ती करणार असाल तर प्लीज चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारू नका, ओल आत अडकते, वीट भुगा होते आणि सिमेंटचे पापुद्रे सुटायला लागतात, चुनाच वापरा आणि चुन्याचं काम येणारा गवंडी शोधा, वेळ लागला तरी चालेल.