लक्षद्वीपला डायव्हिंगला जाताना

आधी डॉक्टरांची सही. तिकिटांच्या आधी, परमिटच्याही आधी. स्कूबापूर्वी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्यापूर्वी, एक वैद्यकीय प्रश्नावली भरून द्यावी लागते. पंचेचाळिशी उलटली आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे, एवढं तिच्यात खरं लिहिलं तरी डॉक्टरांचं ‘उतरायला हरकत नाही’ असं लेखी पत्र मागतात. मला हे लक्षद्वीपमधल्या कदमत बेटाच्या किनाऱ्यावर, फॉर्म हातात पडल्यावर कळलं. चार दिवस मी वाळूत बसून होते आणि बरोबरचे रोज कासवं बघून येत होते. नियम योग्यच आहे. पाण्यात शिरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयावर ताण येतो. खोटं ‘नाही’ लिहून उतरू नका. कोची तिथून सुमारे 400 किलोमीटर आहे. म्हणून सही घरूनच, तुमची प्रकृती माहीत असलेल्या डॉक्टरांची.

परमिट भारतीयांनाही लागतं, आणि त्यावर तुमच्या बेटाचं नाव आहे का ते वाचा. विमानतळ एकच, अगत्तीला, पुढे बोट. मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला असतो, तेव्हा जाऊच नका. कोचीहून जहाजाने जाणार असाल आणि बोट लागत असेल, तर गोळी निघण्यापूर्वी घ्या. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. मात्र गुंगी आणणारी गोळी घेऊन डाइव्ह करायचा नाही. कोणती चालेल ते सही घेतानाच विचारा. सही घेतली ना?

चष्मा असेल तर नंबरचा मास्क.

प्रवाळाबद्दल मात्र जरा थांबून वाचा. 1998, 2010 आणि 2016 साली पाणी तापून इथलं प्रवाळ पांढरं पडलं, मोठ्या प्रमाणावर मेलं. जे सावरतंय ते फिनच्या, म्हणजे पायात घालायच्या पोहण्याच्या पंखाच्या, एका फटक्याने मोडतं. पाण्यात तरंगत स्थिर राहायचा सराव आधी तलावात करून जा. मेलेलं पोवळंही उचलायचं नाही, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

परतीच्या विमानाआधी किमान 18 तास डाइव्ह नाही. पाण्याखाली श्वास घेताना अंगात विरघळलेला नायट्रोजन सावकाश निघतो. त्याआधी उंचावर गेलात तर अंगात त्याचे बुडबुडे होतात. हवामानामुळे बोट अडकू शकते, एक दिवस हाताशी ठेवा.

बाकी रोख पैसे, नेहमीची औषधं, टोपी, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख. गावात अंगभर कपडे. दारू नको. डॉक्टरांच्या कागदाच्या दोन प्रती, एक हातातल्या बॅगेत. त्यावर तारीख आणि शिक्का आहे का, दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच बघा.