इन्व्हर्स काढताना या चुका टाळा: आधी परतीची वाट आहे का ते बघा

जळगावात मी बीएस्सीच्या मुलांच्या शिकवण्या घेतो. मागच्या परीक्षेनंतर एक जण उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन आला. "सर, गणित तं बरोबर शे, मंग मार्क कसाले कमी?" प्रश्न होता मॅट्रिक्सचा (आडव्या रो आणि उभ्या कॉलममध्ये मांडलेल्या आकड्यांचा) इन्व्हर्स काढण्याचा, म्हणजे जिने मूळ मॅट्रिक्सला गुणलं की आयडेंटिटी (कर्णावर १, बाकी सगळीकडे ०) येते ती मॅट्रिक्स शोधण्याचा. मॅट्रिक्स अगदी साधी होती: पहिली रो १, १ आणि दुसरी रो १, २. त्याने दुसऱ्या रोमधून पहिली वजा केली आणि मग दुसऱ्या कॉलममधून पहिला वजा केला. झाली आयडेंटिटी! त्याच दोन क्रिया शेजारी मांडलेल्या आयडेंटिटीवर केल्या आणि इन्व्हर्स म्हणून लिहिलं: पहिली रो १, −१, दुसरी रो −१, २.

खरा इन्व्हर्स आहे पहिली रो २, −१ आणि दुसरी रो −१, १. आकडे तेच, फक्त कर्णावरच्या १ आणि २ ने जागा बदलल्या. म्हणून ही चूक डोळ्यांना दिसत नाही. मूळ मॅट्रिक्सने गुणून पाहिलं असतं तर पहिलाच आकडा १ ऐवजी ० आला असता आणि तिथेच कळलं असतं.

रो आणि कॉलम एकाच गणितात मिसळू नका, हे बारावीपासून सगळे सांगतात. का, ते फारसं कोणी सांगत नाही. रोवरची प्रत्येक क्रिया म्हणजे एका मॅट्रिक्सने डावीकडून गुणणं, आणि कॉलमवरची क्रिया म्हणजे उजवीकडून गुणणं. समजा मूळ मॅट्रिक्स अ आहे, रोच्या सगळ्या क्रियांची मिळून मॅट्रिक्स प आणि कॉलमच्या क्रियांची क. तुम्ही मिळवलंत प × अ × क = आयडेंटिटी. यातून अ चा इन्व्हर्स निघतो क × प. पण शेजारच्या आयडेंटिटीवर त्याच क्रिया केल्या की हातात पडतं प × क. मॅट्रिक्सच्या गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलतं, आणि तिथेच घात होतो. नुसत्या रो वापरल्या तर क हीच आयडेंटिटी असते, नुसते कॉलम वापरले तर प. म्हणून दोन्ही रीती वेगवेगळ्या वापरल्या तर बिनघोर चालतात. मिसळून बसलाच असाल आणि घड्याळात दहाच मिनिटं उरली असतील, तर सगळं खोडू नका. आयडेंटिटीवर रोच्या क्रिया वेगळ्या करून प काढा, कॉलमच्या वेगळ्या करून क काढा आणि क × प असा गुणाकार करा. उत्तर बरोबर येईल.

क्रमाचीच दुसरी चूक: अ × ब चा इन्व्हर्स काढताना आधी अ चा इन्व्हर्स आणि मग ब चा लिहिणं. तो उलटा हवा: ब चा इन्व्हर्स × अ चा इन्व्हर्स. हा विचार आपल्या मातीला नवा नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. त्याच भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त व्यस्तविधी आहे: उत्तर दिलेलं, मूळ संख्या शोधायची, तर शेवटच्या क्रियेपासून मागे यायचं, गुणाकार असेल तिथे भागाकार, बेरीज असेल तिथे वजाबाकी, वर्ग असेल तिथे मूळ. मॅट्रिक्सचा शब्द त्यात नाही, पण शेवटचं आधी सोडवायचं हे ११५० सालच्या त्या ग्रंथात स्वच्छ आहे.

डिटरमिनंट शून्य आला, मग पुढे काय?

डिटरमिनंट म्हणजे चौकोनी मॅट्रिक्सच्या आकड्यांवरून निघणारी एक संख्या; दोन बाय दोनमध्ये एका कर्णाचा गुणाकार वजा दुसऱ्याचा. बहुतेक वहीत एवढंच असतं: "डिटरमिनंट शून्य, म्हणून इन्व्हर्स नाही." मार्क मिळतात, समजत काहीच नाही. मी मुलांना बाजारात नेतो, निदान फळ्यावर तरी.

एका दुकानात भरताची वांगी ४० रुपये किलो आणि शेव २०० रुपये किलो. दुसऱ्या दुकानात वांगी ३० आणि शेव २४०. तुम्ही किती किलो काय घेतलं ते मला सांगू नका. त्याच मालाचं दोन्ही दुकानांत किती बिल होईल, एवढंच सांगा. भावांच्या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट आहे ४० × २४० − २०० × ३० = ३६००. शून्य नाही. म्हणून दोन बिलांवरून मी वांगी आणि शेव दोन्ही ओळखेन. मालाकडून बिलाकडे जाणं हे लिनिअर ट्रान्सफॉर्मेशन (माल दुप्पट तर बिल दुप्पट, मालाची बेरीज तर बिलांचीही बेरीज), आणि बिलाकडून मालाकडे येणं हा त्याचा इन्व्हर्स.

आता दुसऱ्या दुकानाचे भाव ६० आणि ३०० करा. दोन्ही भाव पहिल्याच्या बरोबर दीडपट. डिटरमिनंट ४० × ३०० − २०० × ६० = ०. बिलं आली ३२० आणि ४८०. माल काय असेल? ३ किलो वांगी आणि १ किलो शेव बसते. अर्धा किलो वांगी आणि दीड किलो शेव हीसुद्धा बसते. दुसऱ्या बिलाने नवीन काही सांगितलंच नाही. वांगी ५ किलोने वाढवून शेव १ किलोने कमी केली तर दोन्ही बिलं जागची हलत नाहीत. (५, −१) ही अदलाबदल आणि तिच्या सगळ्या पटी, म्हणजे ज्यांचं बिल शून्यच येतं ते सगळं मिळून कर्नल. कर्नलमध्ये शून्याशिवाय काही सापडलं की परतीची वाट बंद, कारण निघालो कुठून हेच पुसलं गेलं.

अ × ब = अ × क म्हणून दोन्हीकडचा अ कापून टाकणारे इथेच फसतात. अ चा कर्नल रिकामा नसेल, म्हणजे शून्याखेरीज काही त्यात असेल, तर ब आणि क वेगळे असूनही गुणाकार सारखा येऊ शकतो. शून्य संख्येने भागतो का आपण?

आणखी एक गैरसमज: डिटरमिनंट लहान म्हणजे इन्व्हर्स धोक्यात. कर्णावर तीन वेळा ०.१ असलेली मॅट्रिक्स घ्या. डिटरमिनंट ०.००१, पण इन्व्हर्स म्हणजे कर्णावर तीन वेळा १०. ठणठणीत! उलट क्ष + य = २ आणि क्ष + १.०००१ य = २.०००१ ही समीकरणं बघा. उत्तर क्ष = १, य = १. उजवीकडचा शेवटचा आकडा २.०००२ केला की उत्तर थेट क्ष = ०, य = २. दोन्ही समीकरणांना १०० ने गुणलं तर डिटरमिनंट नेमका १ होतो, आजार मात्र तसाच राहतो. रोग डिटरमिनंटच्या आकारात नसून दोन्ही रो जवळजवळ एकाच दिशेच्या असण्यात आहे. कॅल्क्युलेटरवर दशांश कापून लिहिणाऱ्यांनी असं गणित अपूर्णांकातच सोडवावं.

"सरळ रेषा आहे, म्हणजे लिनिअर"

नाही. ट्रॅक्टरचं भाडं निघायचे ३०० रुपये आणि पुढे किलोमीटरला ४० असेल, तर आलेख सरळ रेषाच येतो. पण अंतर दुप्पट केल्यावर भाडं दुप्पट होत नाही, आणि शून्य किलोमीटरलाही ३०० मोजावे लागतात. हे लिनिअर ट्रान्सफॉर्मेशन नव्हे. शून्य शून्याकडे जायलाच हवं. मात्र तेवढ्यावर थांबणंही चूक आहे. (क्ष, य) ला (क्ष × य, क्ष) कडे नेणारा नियम शून्याला शून्यावरच ठेवतो. पण (१, १) जातो (१, १) कडे आणि (२, २) जातो (४, २) कडे. दुप्पट कुठे झालं?

ट्रान्सफॉर्मेशनची मॅट्रिक्स लिहिताना बेसिसच्या व्हेक्टरांची, म्हणजे (१, ०) आणि (०, १) अशा मूळ दिशांची, उत्तरं कॉलममध्ये उभी मांडायची असतात. घाईत मुलं ती आडवी, रोमध्ये लिहितात. काटकोनात डावीकडे वळवणारं ट्रान्सफॉर्मेशन (१, ०) ला (०, १) कडे आणि (०, १) ला (−१, ०) कडे नेतं. ही उत्तरं आडवी लिहिलीत तर मॅट्रिक्स उजवीकडे वळवते, म्हणजे तुम्ही नकळत इन्व्हर्सच लिहिलात. डिटरमिनंट दोन्हींचा १, त्यामुळे तोही चूक पकडून देत नाही. (१, ०) घालून बघा, लगेच दिसेल.

बेरजेचा इन्व्हर्स म्हणजे इन्व्हर्सची बेरीज, हे पुन्हा लिहू नका. आयडेंटिटी आणि उणे आयडेंटिटी दोघींना इन्व्हर्स आहे, त्यांच्या बेरजेला नाही. अ‍ॅडजॉइंटमध्ये (इन्व्हर्स काढायच्या दुसऱ्या रीतीत) कोफॅक्टर, म्हणजे एकेक रो-कॉलम वगळून काढलेले चिन्हासकट छोटे डिटरमिनंट, मांडल्यावर ट्रान्सपोज, म्हणजे रोंचे कॉलम करणं, विसरू नका. सरावाला सिमेट्रिक (ट्रान्सपोज केली तरी तशीच राहणारी) मॅट्रिक्सच घेत बसाल तर ही चूक वर्षभर लपून राहील.

शेवटची चूक हुशार मुलांची. "अ × ब आयडेंटिटी आली, काम झालं." चौकोनी मॅट्रिक्स असेल तर खरंच झालं, दुसऱ्या बाजूने गुणायची गरज नाही. पण १, ० ही एकच रो आणि तेच आकडे उभे मांडलेला एकच कॉलम घ्या. रो × कॉलम = १, आणि कॉलम × रो अशी दोन बाय दोनची मॅट्रिक्स की जिची दुसरी रो पूर्ण शून्य. सगळ्या पॉलिनॉमिअलांच्या स्पेसमध्ये तर हे तुम्ही अकरावी-बारावीपासून करत आला आहात. ० पासून इंटिग्रेशन करून मग डेरिव्हेटिव्ह घेतलं तर मूळ पॉलिनॉमिअल परत मिळतं. आधी डेरिव्हेटिव्ह घेऊन मग इंटिग्रेशन केलं तर क्ष वर्ग + ७ मधले ७ गायब होतात. डेरिव्हेटिव्हचा कर्नल म्हणजे सगळे स्थिरांक, आणि इंटिग्रेशनच्या उत्तराशेजारी आपण जो अधिक स्थिरांक लिहितो, तो हाच.